संपादकाला पगार विचारावा का?

गेल्या अंकात एका मराठी दैनिकाचे संपादक आणि दोन मराठी प्रकाशक यांच्याशी मारलेल्या गप्पा छापून आल्या. नाव छापायचं नाही या अटीवर तिघं बोलले, म्हणून जरा मोकळे बोलले. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. कौतुकाची घरी ठेवली आहेत. शंकेची आणि भांडणाची तेवढी निवडली.

प्रश्न : ताई, मुलाखत वाचनीय होती. पण एवढ्या ज्येष्ठ संपादकांना तुम्ही पगार विचारलात, करार किती वर्षांचा ते विचारलंत. हे शोभलं का? त्यांचं वाचन, त्यांची भूमिका यावर बोलायचं सोडून पैशांवर का घसरलात?
— निवृत्त मुख्याध्यापक, डोंबिवली

सर, भूमिकेवरही बोललो होतो. वीसेक मिनिटं. ते सगळं मी कापलं. कारण दर ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या व्यासपीठावर जे ऐकायला मिळतं तेच त्यात होतं: बाळशास्त्रींनी १८३२ साली मुंबईत ‘दर्पण’ काढला तिथपासून सुरुवात, मग चौथा खांब, मग तरुण पिढी वाचत नाही. खोटं काहीच नाही. पण त्यासाठी त्या गृहस्थांनाच गाठायची गरज नव्हती.

आता पैशांचं. आचार्य अत्र्यांनी १९५६ साली ‘मराठा’ काढला तेव्हा ते स्वतःच मालक आणि स्वतःच संपादक. ‘नवाकाळ’ १९२३ पासून खाडिलकरांच्या घरातला. अशा माणसाच्या डोक्यावर कागदवाल्याची उधारी, छापखान्यातले पगार आणि उद्याचा अग्रलेख हे सगळं एकदमच असायचं. त्याला ‘तुमच्यावर दबाव कोणाचा?’ विचारलं तर तो धडाधड नावं घेऊ शकायचा. कारण त्याला काढून टाकणारं वर कोणी नव्हतं.

आज मोठ्या दैनिकाचा संपादक बहुतेक वेळा करारावरचा नोकर असतो. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकारांना वेतन मंडळाचं, म्हणजे पगार ठरवून देणाऱ्या मंडळाचं, संरक्षण दिलं होतं. त्यातल्याच मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली लागू झाल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. पण तोवर कितीतरी पत्रकारांनी करारावर सह्या करून टाकल्या होत्या. अशा वेळी ‘करार कधी संपतो?’ हा प्रश्न खासगी कसा? कराराचं नूतनीकरण ऐन निवडणुकीच्या तोंडावर येत असेल, तर त्या महिन्यांतले अग्रलेख मी तरी वेगळ्या नजरेने वाचेन. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण गाजलं, वर्तमानपत्रांच्या वागणुकीवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने समिती नेमली. त्या बातम्या संपादकाच्या टेबलावरून गेल्या की दुसऱ्याच मजल्यावरून थेट पानावर आल्या, हे कळायचं तर आधी त्या इमारतीत कोण कोणाच्या हाताखाली आहे ते कळायला हवं.

पगाराचा आकडा त्या संपादकांनी दिला नाहीच. पण जाहिरात विभागाच्या प्रमुखाचा पगार त्यांच्यापेक्षा जास्त आहे, एवढं सांगून टाकलं. सांगताना हसले, आणि मग पेपरच्या पहिल्या पानाआधी येणाऱ्या जाहिरातीच्या पानावर आपोआप बोलायला लागले: ती कोण ठरवतं, संपादकाला किती वाजता कळतं, तिच्यासाठी मोठी बातमी कशी आत ढकलली जाते. मुलाखतीतला तुम्हाला आवडलेला भाग (तुम्हीच पत्रात लिहिलं आहे) तो हाच.

प्रश्न : आमच्या घरी दोन पेपर येतात. दोघंही स्वतःला ‘क्रमांक एक’ म्हणवतात. यातलं खोटं कोण बोलतं?
— गृहिणी, मुलुंड

बहुधा कोणीच नाही, आणि गंमत तीच आहे. एक खप मोजतो, दुसरा वाचक. खप म्हणजे विकल्या गेलेल्या प्रती. त्यांची तपासणी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स सहा-सहा महिन्यांच्या हिशेबाने करते. ही संस्था १९४८ सालची, मुंबईचीच. वाचकसंख्या घरोघरी पाहणी करून काढतात. एक प्रत घरात चौघांनी वाचली की वाचक चार. इंडियन रीडरशिप सर्व्हेचा शेवटचा अहवाल २०१९ च्या पाहणीचा. म्हणजे त्यावर आज कोणी फुशारकी मारत असेल तर ती करोनाच्या आधीच्या वाचकांवर आहे. त्यातून ‘मुंबईत’, ‘महाराष्ट्रात’, ‘तरुणांत’, ‘सकाळच्या पेपरांत’ अशी कुंपणं घातली की प्रत्येकाला आपापल्या अंगणात पहिलं येता येतं. जाहिरातीखाली मुंगीच्या अक्षरांत तळटीप असते. चष्मा लावून तेवढी वाचा.

प्रश्न : ताई, मला प्रोजेक्टसाठी एका माध्यमसमूहाच्या मोठ्या पदावरच्या व्यक्तीची मुलाखत घ्यायची आहे. त्यांच्या ऑफिसने आधी प्रश्न मागितले आहेत आणि फक्त अर्धा तास दिला आहे. मी फार घाबरले आहे. त्यांना बोलतं कसं करू?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, परळ

प्रश्न पाठव. खुशाल पाठव. विषय सांगितल्यासारखे, मोघम. त्यांच्या कार्यालयातलं कोणीतरी त्यावर उत्तरांचा कागद तयार करून देईल, साहेब तो एकदा चाळतील, आणि पहिली दहा मिनिटं तेच वाचून दाखवल्यासारखं बोलतील. ती दहा मिनिटं जाऊ दे. मध्ये तोंड घालू नकोस.

मग पिशवीतून अंक काढ. ही माझी आवडती युक्ती आहे आणि अजून तरी निकामी झालेली नाही. ‘तुमच्या पेपरात हल्ली बातम्या कमी झाल्या आहेत का?’ असं विचारलंस तर ‘नाही, उलट’ एवढंच मिळेल. त्याऐवजी त्यांचाच एखाद्या दिवसाचा अंक त्यांच्यापुढे पसर. आदल्या दिवशी शहरात काहीतरी मोठं घडलेलं असावं आणि ते पाचव्या पानावर गेलेलं असावं. बोट ठेव आणि विचार, ‘हे इथे कसं आलं?’ वर्तमानपत्राच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसासमोर पान ठेवलं की त्याला राहवत नाही. मथळा किती कॉलमचा, फोटो रात्री किती वाजता आला, बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत काय होतं आणि शहर आवृत्तीत काय बदललं, सगळं बाहेर येतं. तुझ्या साहेबांचा संबंध पानांशी नसून नुसता हिशेबाशी असेल, तर ते दोन मिनिटांत ‘हे संपादकांना विचारा’ म्हणतील. तेही लिहून घे. मोठ्या पदावरच्या माणसाबद्दलची ती महत्त्वाची माहिती आहे.

अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, छपाईचा पत्ता, संपादकाचं नाव. ही सक्ती १८६७ च्या कायद्याने आली. त्याच्या जागी आता २०२३ चा कायदा आला असून तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. कित्येक पेपरांत संपादकाच्या नावापुढे बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी यांची, असंही छापतात. ती ओळ जाण्याआधी वाच. ज्यांच्यासमोर बसणार आहेस त्यांचं नाव तिथे आहे का? नसेल, तर कोर्टाचं समन्स कोणाच्या नावाने निघतं आणि निर्णय कोण घेतं, हा तुझा सगळ्यात चांगला प्रश्न झाला. तो मात्र आधी पाठवायच्या यादीत घालू नकोस.

‘ऑफ द रेकॉर्ड’बद्दल. ते बोलण्याआधी ठरतं, बोलून झाल्यावर नाही. त्यांनी मध्येच ‘हे छापू नका हं’ म्हटलं तर तिथेच थांबव आणि विचार: अजिबात वापरायचं नाही, की नाव न देता चालेल? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाव न देण्याचा शब्द दिलास तर मग तो परीक्षकांसमोरही पाळायचा. प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे: कौन्सिल पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायला भाग पाडू शकत नाही. पण ते बंधन कौन्सिलवर आहे, कोर्टावर नाही.

फोनवर रेकॉर्ड करणार असशील तर विचारून, फोन टेबलावर उघडा ठेवून कर. आणि वहीतही लिही. फोन चालू असला तरी समोरच्याला तुझा हात लिहिताना दिसला की तो वाक्य पूर्ण करतो. तासाभराच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द सहज होतात, तुझे अर्ध्या तासाचे तीनएक हजार होतील. उतरवायला रात्र जाईल, डबा बांधून बस.

प्रश्न : तुमचे प्रकाशक म्हणतात, ‘आम्ही दर्जा पाहून छापतो.’ मला एका प्रकाशकाने सांगितलं, ‘शंभर पानी कवितासंग्रह, पाचशे प्रती, खर्च तुमचा.’ कोणावर विश्वास ठेवू?
— कवी, विरार

दोघांवरही. दर्जा पाहून छापणाऱ्या त्या गृहस्थांना मी पुढे विचारलं होतं की यंदाच्या तुमच्या यादीतली किती पुस्तकं पूर्णपणे तुमच्या पैशांनी निघाली. त्यावर त्यांनी चहा मागवला. छापलेल्या मुलाखतीत ‘(थोडं थांबून)’ असं आहे ना, ते हेच.

कवीने पदरचे पैसे घालून संग्रह काढणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त व्यवहार डोळे उघडे ठेवून करा. पहिली गोष्ट, ‘शंभर पानी’ हा शब्दच संशयास्पद आहे. पुस्तक सहसा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं, सात म्हणजे ११२. चार पानांसाठी जादा फॉर्मचे पैसे लावण्यापेक्षा दोन कविता कमी करा. (पत्रासोबत पाठवलेल्या कविता वाचल्या. कमी करता येतील.)

दुसरं, ‘आवृत्ती’ म्हणजे किती प्रती हे कागदावर घ्या. पूर्वी हजार-अकराशेची आवृत्ती धरायचे. आता डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात, त्यामुळे ‘चौथी आवृत्ती’ ऐकून भारावून जाण्याचे दिवस गेले. तिसरं, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. भारतात तो क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो. चौथं, हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखी करार केल्याशिवाय हक्क तुमच्याकडून जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला तर पेन खाली ठेवा. आणि शेवटचं, न विकलेल्या प्रती कुठे राहणार? विक्रेता तीस-चाळीस टक्के कमिशन घेतो, तरी कवितेला दुकानात उभं राहायला जागा देत नाही. मग त्या विरारला, तुमच्या पलंगाखालीच येणार. पाचशेऐवजी दोनशे छापा.

प्रश्न : गिरगावात खटाववाडीत ‘मौज’मध्ये श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाला पुन्हा पुन्हा काम करायला लावत. असे संपादक आता का नाहीत?
— ज्येष्ठ वाचक, गिरगाव

कारण तेवढा वेळ देण्याचे पैसे कोणी देत नाही. तुमची हळहळ मला कळते, पण तिच्यात थोडी काटछाट करते. ‘मौज’च्याच ‘सत्यकथा’ मासिकावर नाराज असणारेही पुष्कळ होते. १९६९ साली लघुनियतकालिकं, म्हणजे स्वतःची छोटी बंडखोर मासिकं, काढणाऱ्या तरुणांनी तिच्या अंकाची होळीच केली. तुमची भाषा, तुमची चौकट आमच्यावर का, हा त्यांचा सवाल होता. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. तिच्या हयातीतच, १९७४ मध्ये, ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने वाचकांनाच सभासद करून पुस्तकं काढायला सुरुवात केली आणि १९७८ मध्ये दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ आणलं. म्हणजे लेखक घडवणारे संपादक आणि लेखक शोधणारे संपादक, दोन्ही मुंबईत एकाच काळात होते. आता घडवणारे फारच थोडे उरले, हे खरं. मुलाखतीतल्या दोघांपैकी दुसऱ्या प्रकाशकांनी तर सांगितलं की त्यांच्याकडे संपादक नाही, मुद्रितशोधक आहे, आणि तोही घरून काम करतो.

प्रश्न : छापण्यापूर्वी मुलाखत समोरच्याला वाचायला देता का?
— वाचक, ठाणे

आकडे, सनावळ्या, नावं तपासायला देते. वाक्यं नाही.

प्रश्न : माझे मामा पेपरविक्रेते आहेत. तुम्ही केबिनमध्ये बसणाऱ्यांच्याच मुलाखती का घेता? पेपर चालतो की नाही हे मामांना आधी कळतं.
— वाचक, कांदिवली

तुमचं म्हणणं मान्य. २०२० च्या मार्चमध्ये विक्रेत्यांनी पेपर उचलायचं थांबवलं, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत छापील पेपर निघालेच नाहीत. भल्याभल्या संपादकांच्या बहिष्काराने झालं नसतं ते झालं. एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी वाटपावरच बंदी घातली. त्या वेळी बंद झालेली किती घरं पुन्हा लाइनीवर, म्हणजे पेपर टाकायच्या फेरीत, आली, हा हिशेब मामांच्या वहीत असेल. मला तो कोणत्याही मालकाने खरा सांगितलेला नाही.

मामांना विचारा, बोलतील का. त्यांना काय विचारणार तेही कळवून ठेवते, लपवण्यासारखं नाही: वार्षिक योजनेत स्वस्तात दिलेल्या प्रतीवर त्यांचं कमिशन छापील किमतीवर मिळतं की योजनेच्या, पुरवण्या घालायचे वेगळे पैसे मिळतात का, आणि असं एखादं घर आहे का, जिथे पेपरची घडीही न मोडता तो थेट रद्दीत जातो. पहाटे लाइन कुठल्या स्टेशनाबाहेर लागते तेवढं लिहा. पहिल्या लोकलने येते.