सहा जणांचा आरोग्य विमा किती पडेल आणि पांढऱ्या रेशन कार्डावर सरकारी योजना मिळते का?

तुमच्या प्रश्नातून मला समजले ते असे : गाव औसा तालुक्यात, नोकरी लातूरला खासगी कंपनीत, घरात 71 वर्षांचे वडील, मधुमेह असलेली 64 वर्षांची आई, तुम्ही पती-पत्नी आणि दोन मुले, रेशन कार्ड पांढरे, आणि एजंटाने सहाही जणांची मिळून एकच फ्लोटर पॉलिसी (विम्याची एकच रक्कम सर्वांनी मिळून वापरायची) सुचवली आहे. तिचा खर्च किती येईल आणि आपण सरकारी योजनेत बसतो का, असे तुम्ही विचारले आहे. मी विमा व्यवसायातला नाही, अंबाजोगाईतला शिक्षक आहे. परंतु घरातल्या दोन मोठ्या आजारपणांत या कागदांसाठी पुष्कळ हेलपाटे घातले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सरकारकडून काय मिळते हे कळल्याशिवाय विकत किती घ्यायचे याचा हिशेब मांडता येत नाही.

पांढरे कार्ड असेल तर योजना नाही, हा समज आता जुना झाला. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालेली ही योजना प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांची होती. मराठवाड्याचे आठही जिल्हे चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत मोडत असल्यामुळे आपल्याकडच्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून तिचा लाभ घेता येत असे. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती सर्वच कार्डधारकांना खुली केली, आणि 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला दीड लाखाऐवजी 5 लाख रुपयांचे संरक्षण आणि तेव्हा 1,356 उपचार असे तिचे स्वरूप झाले. म्हणजे तुमचे कुटुंब पात्र आहे. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता केंद्राच्या आयुष्मान योजनेतले मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, तेव्हा वडिलांचे ते कार्ड आधार घेऊन आजच काढून घ्या.

मात्र पात्र असणे वेगळे आणि दाखल झाल्यावर मंजुरी मिळणे वेगळे. योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे रेशन कार्डावरची नावे. माझ्या चुलतभावाच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आरोग्यमित्राने (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीने) कार्ड उघडले, तर त्यावर तिचे सासू-सासरे आणि माझा चुलतभाऊ एवढेच. खाली दोन्ही मुलांची नावे वेगळ्या शाईत लिहिलेली, आणि त्यांच्या आईचे नाव कुठेच नाही. लग्नाला अकरा वर्षे झाली होती आणि तिचे नाव अजून केज तालुक्यातल्या माहेरच्या कार्डावरच होते. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तो आपल्या तहसीलच्या पुरवठा विभागात द्यायचा, आणि ऑनलाइन नोंद होईपर्यंत रोज चौकशी करायची, यात तीन दिवस गेले. शस्त्रक्रिया तातडीची नव्हती म्हणून निभावले. तेव्हा कार्डाचा 12 अंकी ऑनलाइन क्रमांक घेऊन सहाही नावे त्यात आहेत का, आणि आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतात का, हे घरात कोणी आजारी नसताना तपासा.

योजनेच्या मर्यादाही हिशेबात धरा. ती ठरलेल्या यादीतल्या उपचारांपुरती आणि अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या, रुग्णालयांपुरती आहे; आईची दर महिन्याची मधुमेहाची औषधे आणि तपासण्या तिच्यात येत नाहीत. एखादे खासगी रुग्णालय योजनेत असले तरी हृदयरोगासाठी असते, हाडांसाठी नसते, म्हणून फलक पाहून थांबू नये, आरोग्यमित्राला नेमका आजार सांगून विचारावे. लातूर आणि अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय येथे जाण्याची मनाची तयारी असेल, तर विकतच्या विम्याची गरज बरीच कमी होते. नसेल, तर ती का नाही हे घरात मोकळेपणाने बोलून घ्यावे.

तुमचे वेतन महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत असेल तर आधी कंपनीत कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू आहे का ते विचारा. त्यात कर्मचाऱ्याच्या वेतनातून 0.75 टक्के, म्हणजे 20,000 रुपयांवर 150 रुपये कापले जातात, आणि अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येऊ शकतात. एजंट हे सांगत नाही. त्याला सांगण्याचे कारणही नाही.

आता खर्चाचा अंदाज. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो. वडिलांना त्यात घेतले की तुमच्या दोन लेकरांच्या विम्यालाही 71 वर्षांच्या माणसाचा दर लागल्यासारखे होते. म्हणून एजंटाकडून तीन वेगळे आकडे मागा : तुम्हा चौघांचा फ्लोटर, आईची स्वतंत्र पॉलिसी (वडिलांसाठी वय वंदना कार्ड धरले आहे), आणि तुलनेसाठी सहा जणांचा एकत्र. प्रत्येकाचा वयोगटानुसार दरतक्ताही मागा, कारण या वर्षीच्या आकड्यापेक्षा पुढच्या वयोगटात गेल्यावरचा आकडा महत्त्वाचा असतो. पाच वर्षांची बेरीज करूनच तुलना करा. एजंटाचे पत्रक जुने असेल तर सावध राहा : 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला आहे, त्यामुळे 20,000 रुपये मूळ प्रीमियमवर पूर्वी जे 23,600 भरावे लागत, तेथे आता कर लागत नाही. काही कंपन्या शहरांचे गट पाडतात. लातूरच्या पत्त्यावर स्वस्त मिळालेली पॉलिसी घेऊन पुण्यात दाखल झाल्यास बिलाचा काही टक्के भाग स्वतः भरावा लागू शकतो, आणि आपल्याकडचा गंभीर रुग्ण पुण्याला किंवा हैदराबादलाच हलवतात हे तुम्ही जाणताच.

प्रीमियम हा खर्चाचा एक भाग झाला. माझ्या वडिलांच्या 3 लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये होती. आम्ही 5,000 रुपयांची खोली घेतली आणि वरचे रोजचे दोन हजार आपण भरू असे समजून निश्चिंत राहिलो. प्रत्यक्षात 1,60,000 रुपयांच्या बिलातली औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट मिळून 60,000 रुपये पूर्ण मंजूर झाले, पण खोली, डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाच्या उरलेल्या 1,00,000 रुपयांतून खोलीच्याच प्रमाणात 40,000 कापले गेले. नियम पॉलिसीत छापलेला होता. आम्ही वाचला नव्हता. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग मिळाली तरी मी तीच घेईन.

आईच्या मधुमेहासाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे आधीच्या आजाराचा दावा न मिळण्याचा काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, तेव्हा पहिली तीन वर्षे त्यासंबंधीचा खर्च फुले योजनेवर किंवा खिशावर येईल असे धरून चाला. अर्ज एजंट मोबाइलवर भरतो आणि आजारांच्या रकान्यात घाईने ‘नाही’ लिहितो, हे मी समोर बसून पाहिले आहे. पुढे दावा नाकारायला तेवढे एक ‘नाही’ पुरेसे होते. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत सोबत आलेली अर्जाची प्रत उघडून आईचा मधुमेह तीत लिहिला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.