डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचतं, ग्लास पांढरे पडतात : पंप बदलावाच लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सांगलीत विश्रामबागेत राहता, बोअरचं आणि महापालिकेचं पाणी एकाच टाकीत पडतं, मशीन 14 महिन्यांचं आहे. भांडी धुऊन झाल्यावर तळाशी पाणी उरतं, काचेचे ग्लास पांढरट झालेत, वरच्या ट्रेमधल्या वाट्या तेलकटच राहतात. मेकॅनिकनं मशीन न उघडताच ड्रेन पंप, म्हणजे वापरलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, बदलायला सांगितलाय.

इतक्यात बदलू नका. पंप जळला म्हणून ग्लास पांढरे पडत नाहीत. तुमच्या तक्रारी तीन असल्या तरी मला कारणं दोनच दिसतात : कुठेतरी अडकलेलं खरकटं आणि जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी. दोन्ही घरी तपासता येतात.

आधी साचलेलं पाणी. मशीनच्या तळाला खरकटं अडवणारी जाळी असते, तिच्या खालच्या खड्ड्यात थोडं स्वच्छ पाणी राहणं ठरलेलंच आहे, त्याला बिघाड म्हणू नका. जाळीच्या वर पाणी दिसत असेल, गढूळ असेल, वास येत असेल, तर मात्र पाणी बाहेर जात नाहीये.

मोरीत किंवा सिंकखाली गेलेला ड्रेन पाइप सोडवून त्याचं तोंड बादलीत धरा. मशीन चालू करा आणि प्रोग्रॅम रद्द करा. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टचं बटण तीन सेकंद दाबून ठेवलं की प्रोग्रॅम रद्द होतो आणि ड्रेन पंप साधारण मिनिटभर चालतो. बादलीत जोरात धार पडली तर पंप ठणठणीत आहे, दोष पाइपच्या पुढे, म्हणजे सिंकच्या बॉटल ट्रॅपमध्ये (सिंकखालच्या बाटलीसारख्या भागात) किंवा मोरीच्या जाळीत आहे. पंप घुंघुं करतोय पण पाणी येत नाही, तर काहीतरी अडकलंय. अजिबात आवाज नाही, तरच वायरिंग किंवा पंपाची शंका घ्यायची. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि मेकॅनिकनं पहिल्यांदा हीच करायला हवी होती.

अडकलं असेल तर प्लग काढा, नळ बंद करा, कपानं आणि स्पंजानं पाणी उपसून घ्या. खालची जाळी डावीकडे फिरवली की सुटते. तिचे दोन-तीन भाग वेगळे होतात : मधला उभा दंडगोल, त्याभोवतीची बारीक जाळी आणि खालचा सपाट पत्रा. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट आणि तेल भरपूर, ते दोन्ही मिळून बारीक जाळीवर लेप धरतात. वरवर पाणी ओतून तो निघत नाही. गरम पाण्यात भांड्याचा साबण टाकून दहा मिनिटं बुडवा आणि जुन्या टूथब्रशनं दोन्ही बाजूंनी घासा. तारेची घासणी नको, जाळी फाटली की खरकटं थेट पंपात जातं.

जाळी काढल्यावर खालच्या खड्ड्यात हातमोजा घालूनच हात घाला, फुटक्या ग्लासचा तुकडा असू शकतो. तिथे चिंचोके, लिंबाच्या बिया, कढीपत्त्याचे देठ, शेवग्याच्या शेंगांचे चोयटे आणि नव्या भांड्यांवरची सुटलेली लेबलं सापडतात. खड्ड्याच्या बाजूला बहुतेक मशीनमध्ये प्लास्टिकचं छोटं झाकण असतं. चमच्याच्या दांड्यानं उचललं की मागे पंपाची भिंगरी दिसते. ती बोटानं फिरवून बघा. आत चुंबक असल्यामुळे ती झटके खात फिरते, तशीच फिरायला हवी. अडली तर आतला केस, दोरा किंवा काच चिमट्यानं काढा. झाकण परत ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा, नाहीतर पंप पाणी तिथल्या तिथेच घुसळत राहील.

मशीन सिंकखाली जोडलं असेल तर आणखी एक गंमत बघा : नव्या सिंकच्या ज्या नळीला ड्रेन पाइप बसतो तिचं तोंड कधी कधी प्लास्टिकच्या पातळ पडद्यानं बंद असतं. तो कापायचा राहून जातो.

पाइप थेट मोरीत सोडला असेल तर भानगड उलटी होते. आपल्या मोऱ्या जमिनीलगत असतात. पाइपचं तोंड खाली पडलेलं असलं की सायफन लागतो आणि मशीन आत घेतलेलं पाणी आपोआप बाहेर ओढलं जातं. मशीन पुन्हा पाणी भरतं, ते पुन्हा जातं, आणि भांडी अर्ध्या पाण्यात धुतली जातात. वाट्या तेलकट राहण्याचं हेही एक कारण असू शकतं. पाइपचा वळसा जमिनीपासून किमान 40 सेंटिमीटर उंच भिंतीला क्लिपनं बांधा, मगच मोरीकडे उतरवा. फार उंचही नको, साधारण 1 मीटरच्या वर पंपाला जड जातं. नेमका आकडा तुमच्या पुस्तिकेत असेल. पाइपचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडता कामा नये, आणि उंदीर येत असतील तर मोरीकडचं भोक जाळीनं बुजवा. मऊ ड्रेन पाइप ते हमखास कुरतडतात.

आता ग्लास. पांढरेपणा तीन तऱ्हेचा असतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. एक ग्लास रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. सकाळी स्वच्छ झाला तर क्षार बसलेत. तसाच धूसर राहिला तर काचेचाच पृष्ठभाग झिजलाय, तो परत येत नाही. अगदी मऊ पाणी आणि जास्त पावडर एकत्र आली की असं होतं, त्यामुळे ‘आरओचं पाणी जोडून टाकू का’ हा विचार सोडून द्या. आणि आरओचं वाया जाणारं पाणी तर चुकूनही जोडू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. तिसरी तऱ्हा : ग्लासाला बोट लावून चाखलं तर खारट लागतं. याचा अर्थ मशीनच्या तळाशी पाणी मऊ करण्यासाठी जी मिठाची टाकी असते, तिचं झाकण नीट बसलेलं नाही.

तुमच्याकडे बहुधा पहिली तऱ्हा असणार. मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तिथे बोअरचं पाणी गोडं निघेल अशी आशा कशाला धरायची? टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो. आपल्याला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम हवंय. मत्स्यालयाच्या दुकानात हार्डनेसची थेंबांची किट मिळते, किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. रिपोर्टमध्ये ‘टोटल हार्डनेस’चा आकडा बघायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो 200 पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चालतो. म्हणजे पिण्यासाठी पास झालेलं पाणीही डिशवॉशरला नापास ठरू शकतं.

बऱ्याच मशीनमध्ये हा आकडा जर्मन अंशात, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायच्या दुसऱ्या एककात, विचारतात. मिलिग्रॅमच्या आकड्याला 17.8 नं भागा. 450 आला तर साधारण 25 अंश. पुस्तिकेतल्या तक्त्यात 25 अंशांसमोर जी पातळी असेल ती मशीनमध्ये लावा. बसवून देणारे पुष्कळदा हे सेटिंग कारखान्यातून आलंय तसंच ठेवतात. खूण सोपी आहे : जड पाणी असूनही महिनोन् महिने मीठ संपतच नसेल, तर सेटिंग कमी आहे. टाकीत मीठ आहे, पण मशीन ते वापरतच नाही.

मीठ भांड्यांना लागत नाही. मशीनच्या तळाशी सॉफ्टनरमध्ये राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदली सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांच्यावरून नेऊन ते पुन्हा मोकळे केले जातात. म्हणून मीठ शुद्ध हवं. जेवणाच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, बाजारातल्या खड्याच्या मिठात माती आणि तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम. दोन्ही टाळा. डिशवॉशर सॉल्ट म्हणून मिळतं तेच घ्या.

पहिल्यांदा भरताना टाकीत साधारण 1 लिटर पाणी ओतून मग नरसाळ्यानं मीठ भरतात, 1 ते दीड किलो मावतं. पुढच्या वेळी पाणी ओतायचं नाही, फक्त मीठ. पाणी बाहेर सांडतं, ते बरोबर आहे. आट्यांवरचे खडे पुसून झाकण घट्ट लावा आणि लगेच एक प्रोग्रॅम चालवा. सांडलेलं मिठाचं पाणी रात्रभर स्टीलच्या तळावर राहिलं तर गंजाचे डाग पडतात. मीठ भरून लगेच ग्लास चमकतील असं नाही, मणी मोकळे व्हायला काही धुण्या जातात. आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा की या टाकीत पावडर घालायची नाही. पावडर गेली तर सॉफ्टनर खलास.

‘ऑल इन वन’ टॅबलेट वापरत असाल तर त्यात मीठ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांचा भरवसा साधारण 21 जर्मन अंशांपर्यंत, म्हणजे 375 मिलिग्रॅमच्या आसपास. त्यापुढे टॅबलेटसोबत मीठ लागतंच. उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी वाढतं, तेव्हा सेटिंग एक पायरी वर न्या. तुमच्या मशीनच्या तक्त्याच्या शेवटच्या आकड्याच्याही पुढे पाणी गेलं असेल तर आतला सॉफ्टनर पुरणार नाही, बाहेरून वेगळा बसवावा लागेल.

तोवर आत साठलेले क्षार काढा. मशीन रिकामं करून 100 ते 150 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, तळात टाका आणि सगळ्यात गरम प्रोग्रॅम लावा, 65-70 अंशांचा. त्यात पावडर घालू नका, दोघं एकमेकांना मारतात. सेटिंग नीट झाल्यावर दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. व्हिनेगर वारंवार वापरलं तर रबरी सील खराब होतात.

वरच्या वाट्यांचं मूळ बहुधा याच क्षारांत आहे. भांड्यांवर पाणी उडवणाऱ्या फिरत्या पंख्यांची भोकं क्षारांनी अरुंद होतात, मग जिरं-मोहरीचा एक दाणाही पुरतो. खालचा पंखा वर ओढला की निघतो, वरच्याचा नट फिरवावा लागतो. भोकं दातकोरणीनं मोकळी करा, पंखा नळाखाली धरून हलवा, आत खडखड वाजलं तर कचरा आहे. परत बसवल्यावर हातानं फिरवून बघा, पळी, झारा किंवा कुकरचं झाकण आडवं येतंय का. वरचा ट्रे दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर अडकवलेला हवा. तिरका असेल तर मागची पाण्याची नळी पंख्याला नीट जुळत नाही. वाट्या एकात एक घालू नका, तोंड खाली आणि थोड्या तिरक्या. आधी नळाखाली धुऊन ठेवायची गरज नाही, हातानं खरकटं काढलं की झालं. पिठलं-भाताचं सुकलेलं पीठ एन्झाइमवाली पावडर 50-55 अंशांना चांगलं सोडवते, म्हणून रोज झटपट प्रोग्रॅम लावण्यात शहाणपण नाही. भरलेल्या मशीनला 20 ते 25 ग्रॅम पावडर. पावडरीची खोकी पावसाळ्यात बंद डब्यात ठेवा.

टाकी डोक्यावरच असेल तर दाबही बघा. पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीला साधारण 0.1 बार दाब मिळतो आणि बऱ्याच मशीनना किमान 0.3 ते 0.5 बार लागतो. वरच्या मजल्यावर, टाकी दोन मीटरवर असेल तर 0.2 च. अशा घरात छोटा प्रेशर पंप लावावा लागतो. इनलेट पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं तेव्हा तिच्यात गाळ बसतो. नळ बंद करून ती ब्रशनं धुवा.

ॲल्युमिनियमची कढई, हिंडालियमचा कुकर, तांब्या-पितळेची भांडी, लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट आत घालू नका. पावडर अल्कलीची असते, ॲल्युमिनियम काळं पडतं. स्टीलचा कुकर चालतो, पण रिंग आणि शिट्टी काढून. भांडी घासायचं साधं लिक्विड तर थेंबभरही नको : फेस दारातून खाली तळाच्या तसराळ्यात उतरतो, तिथला तरंगता स्विच उचलला जातो आणि ड्रेन पंप थांबायचं नावच घेत नाही. असं झालं तर प्लग काढा, नळ बंद करा आणि तसराळं कोरडं होईपर्यंत चालू करू नका.

एवढं करूनही बादलीच्या चाचणीत पंप मुका राहिला, तर आधी वॉरंटी कार्ड काढा. काही कंपन्या दोन वर्षांची देतात, मग 14 महिन्यांच्या मशीनच्या पंपाला पैसे कसले? वॉरंटी नसेल तर मेकॅनिकला दोन गोष्टी तुमच्यासमोर करायला सांगा : पंपाच्या कनेक्टरवर ड्रेनच्या वेळी 230 व्होल्ट येतात का ते बघणं, आणि प्लग काढून पंपाची वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) मल्टिमीटरवर तपासणं. व्होल्ट येतायत आणि वाइंडिंग तुटलेली आहे, तर पंप बदला. व्होल्टच येत नसतील तर दोष वायरिंगमध्ये किंवा मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात (सर्किट बोर्डात) आहे, नवा पंपही तसाच गप्प बसेल. बदललाच तर जुना पंप मागून घ्या.