इंकजेट प्रिंटरने घरी पीसीबी (सर्किटचा तांब्याचा बोर्ड) करता येतो का?

तुम्ही विचारलंय की चकचकीत कागदावर इंकजेटने सर्किट छापलं, कॉपरच्या शीटवर ठेवून इस्त्री फिरवली, तरी काहीच उतरलं नाही. आता कागद बदलू की इस्त्री अजून तापवू?

दोन्ही नको. इस्त्रीची पद्धत लेझर प्रिंटरची आहे. लेझरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड, ती उष्णतेने वितळते आणि तांब्याला चिकटते. इंकजेटची शाई पाण्यात कालवलेली, ती कागदात मुरते. चुकून थोडी उतरलीच, तरी नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये धुऊन जाणार.

एकच बोर्ड करायचा असेल तर सरळ कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठा. झेरॉक्समध्येही टोनरच असतो. तुमची इंकजेट प्रिंट त्या चकचकीत कागदावर झेरॉक्स करून घ्या आणि मग इस्त्री करा. फक्त माप तपासा. झेरॉक्स मशीन कधीकधी आकार किंचित कमीजास्त करतं. जास्त पायांची आयसी (चिप) कागदावर ठेवून बघा, पहिल्या पायापासून शेवटच्यापर्यंत सगळे पॅडवर, म्हणजे पाय सोल्डर करायच्या ठिपक्यांवर, बसले पाहिजेत.

पण बोर्ड वरचेवर करणार असाल, तर इंकजेटला फिल्म छापायला लावा. मी तेच करतो. तांब्यावर ड्राय फिल्म नावाचा प्रकाशाने कडक होणारा निळसर थर चिकटवायचा, त्यावर छापलेली फिल्म ठेवून यूव्ही (अतिनील) प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तिथे थर कडक होऊन राहतो, बाकीचा धुऊन जातो. म्हणून प्रिंट निगेटिव्ह हवी, ट्रॅक (बोर्डवर राहायच्या तांब्याच्या रेघा) पारदर्शक आणि उरलेलं सगळं काळं. एकाच बाजूचा बोर्ड असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये खालचा कॉपर लेयर निवडला असेल, तर मिरर करायची गरज नाही. शाईची बाजू खाली, थराला टेकवून ठेवली की आपोआप सुलट येतं. खात्रीसाठी कॉपरमध्येच दोन अक्षरं लिहून ठेवा.

खरी मेख त्या काळ्या रंगात आहे. साध्या ओएचपी शीटवर इंकजेटची शाई थेंब धरून बसते, वाळत नाही. इंकजेटसाठीचीच फिल्म घ्या, तिची एक बाजू हाताला किंचित खरखरीत लागते, छपाई त्या बाजूवर. पत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले याच फिल्मवर ‘पॉझिटिव्ह’ काढतात, त्यांच्याकडे चौकशी केली तर कुठली फिल्म चांगली हे कळतं. प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार ग्लॉसी फोटो आणि क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा. छापून झालं की फिल्म खिडकीसमोर उजेडाकडे धरा. काळ्यातून खिडकीचे गज दिसत असतील तर ती प्रिंट निकामी. आणि डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) डोळ्याला काळीकुट्ट दिसली तरी यूव्ही पूर्ण अडवेलच असं नाही. उपाय सोपा आहे: दोन प्रिंट काढा, एकमेकींवर तंतोतंत बसवून कडेला टेप लावा. पावसाळ्यात फिल्म लवकर वाळत नाही, रात्रभर राहू द्या.

बोर्डासाठी तांबं चढवलेली ग्लास इपॉक्सी शीट पुण्यात तपकीर गल्लीत बघा. हायलमची (कागद आणि रेझिनची) स्वस्त मिळते, पण मी ग्लास इपॉक्सीच घेतो. तांबं भांड्याच्या घासणीने लख्ख करा, बोट लावू नका. ड्राय फिल्मला दोन्हीकडून पातळ प्लास्टिक असतं. आतलं सोलून फिल्म चिकटवा आणि लॅमिनेशन मशीनमधून काढा. खोलीत ट्यूबलाइट नको, मंद पिवळा बल्ब चालेल. मग वर प्रिंट, त्यावर फोटोफ्रेमची काच, चारी बाजूंनी चिमटे. वेळ माझ्या दिव्यावरून सांगण्यात अर्थ नाही. तुकड्यावर पुठ्ठा थोडा थोडा सरकवत वेगवेगळा वेळ देऊन बघा. उन्हातही होतं, पण पुण्याचं मे महिन्यातलं ऊन आणि जुलैतलं ढगाळ आभाळ यांचा हिशेब एक नाही, म्हणून ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी दिवा बरा.

आता वरचं प्लास्टिक सोला (हे विसरलं की माणूस तासभर नुसताच घासत बसतो) आणि लिटरभर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात मऊ ब्रशने फिरवा. खायचा सोडा नाही. दोन ट्रॅकच्या मधलं, उघडं पडलेलं तांबं गुलाबी, चकचकीत दिसलं पाहिजे. निळी झाक राहिली तर तिथे एचिंग होणार नाही, म्हणजे फेरिक क्लोराइड तिथलं तांबं खाणार नाही.

मग एचिंग: फेरिक क्लोराइड प्लास्टिकच्या डब्यात, डबा कोमट पाण्याच्या घमेल्यात, आणि हातमोजे. डाग फरशीवरून जात नाहीत. उरलेला ट्रॅकवरचा थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सुटतो, चष्मा लावा. वापरलेलं फेरिक बेसिनमध्ये ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि ते स्टीलचं सिंकही खातं. झाकणाच्या बरणीत भरून परत वापरा, बराच काळ चालतं.

प्रिंटर उघडून थेट तांब्यावर छापणारेही लोक आहेत, त्यासाठी एप्सनसारखं पिझो हेड (शाई न तापवता फेकणारं) आणि पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) लागते, वर शाई भट्टीत भाजावी लागते. घरातल्या एकुलत्या एका प्रिंटरवर हा प्रयोग मी तरी करणार नाही. फिल्मच्या पद्धतीत ०.३ मिलिमीटरचे ट्रॅक आरामात निघतात, हौशी कामाला त्याहून बारीक सहसा लागत नाही.