सॅलड सुरू केलं आणि पोट आणखी फुगलं

प्रश्न : वय २९, शाकाहारी, पुण्यात आयटीत नोकरी. सकाळी चहा-खारी, रात्री साडेदहाला मागवलेलं जेवण. वर्षभर पोट साफ होत नाही, ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे. सतत थकवा, उगाच रडू येतं. ‘पोट सुधारलं की मूड सुधारतो’ अशी रील पाहून बाऊलभर सॅलड आणि इसबगोल सुरू केलं, तर पोट टम्म. प्रोबायोटिक कॅप्सूल घेऊ का? – अनामिका

उत्तर : प्रिय अनामिका,
कॅप्सूल सध्या राहू दे. आधी बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. शाकाहारी माणसाला बी-१२ दूध-दह्यातूनच काय ते मिळतं आणि अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. तू तेच आम्ल वर्षभर गोळीने दाबते आहेस. बी-१२ घटलं की थकवा, मुंग्या, उदासी, सगळं येतं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस. एकदम सोडली की आम्ल पुन्हा उसळू शकतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कर.

सॅलडने पोट फुगलं ते घाईमुळे. सॅलड-इसबगोलातले तंतू (फायबर) म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य. सवय नसताना भरपूर पडलं की ते आंबून गॅस धरतो. म्हणून पहिले दोन आठवडे दुपारी फक्त अर्धी वाटी मुगाची उसळ खा. मूग रात्रभर भिजव आणि पाणी फेकून दे, गॅस करणारी शर्करा बरीचशी त्यात उतरते. सोसलं तर वाटीभर, मग ज्वारीची भाकरी, पेरू. इसबगोल एकच चमचा, मोठा पेला पाण्यात, लगेच पिऊन टाक. पाणी कमी पडलं तर उलट कोंडतं. जेवणावर ताजं ताक घे. कढीत ताकातले उपकारक जिवाणू जिवंत राहत नाहीत. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकायला हवं, ॲसिडिटीचं निम्मं मूळ तिथेच दिसतं.

आता रडू येण्याबद्दल. मूडशी जोडलं जाणारं सेरोटोनिन हे रसायन बहुतांश आतड्यात बनतं हे खरं, पण ते मेंदूत पोचत नाही. तरीही आहाराचा उपयोग होतो. २०१७च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत नैराश्याच्या रुग्णांचा आहार १२ आठवडे सुधारला, तेव्हा त्यांच्यातले सुमारे एक तृतीयांश नैराश्यातून बाहेर आले. चाचणी लहान होती, ६७ जणांची, आणि त्यातल्या बहुतेकांचे उपचारही चालू होते. त्यामुळे उसळ-ताकाच्या भरवशावर मनाचं दुखणं अंगावर काढू नकोस. रडू दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर; सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शौचातून रक्त गेलं किंवा वजन आपोआप उतरलं, तर आहाराचे प्रयोग थांबवून थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जा.