अपग्रेडनंतरचे पहिले दहा दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच झाला आहे. वर्षानुवर्षे हाताखालचा असलेला संगणक विंडोज ११ वर नेला आणि दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटू लागला, हा अनुभव बहुतेकांनी आपापल्या शब्दांत लिहून कळवला आहे. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. नावे छापू नयेत, अशी बहुतेकांची विनंती असल्यामुळे ती सरसकट गाळली आहेत.

प्रश्न : अपग्रेड पूर्ण होऊन दोन दिवस झाले. मी काहीही करत नसतानाही पंखा घोंघावत राहतो आणि एक साधे पत्र उघडायला मिनिटभर लागते. नवी प्रणाली माझ्या संगणकाला झेपत नाही, असे समजायचे का?

उत्तर : एवढ्यात तसे समजू नये. अपग्रेडनंतर संगणक आपल्या नकळत बरीच कामे उरकत असतो. शोधसुविधेसाठी सगळ्या फायलींची सूची नव्याने तयार होते, विषाणूरोधक सॉफ्टवेअर सगळी डिस्क तपासून काढते, निरनिराळे ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि उरलेली अद्यतनेही याच सुमारास उतरवली जातात. फायली हजारोंच्या संख्येत असतील आणि डिस्क जुन्या, फिरत्या तबकडीची असेल, तर हे काम सहज दोन-तीन दिवस चालते. खात्री करायची असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि 'डिस्क' या शीर्षकावर क्लिक करावे, म्हणजे डिस्क सर्वाधिक वापरणारी प्रक्रिया वर येईल. तेथे 'सर्च इंडेक्सर' किंवा 'अँटीमालवेअर सर्व्हिस' असे नाव दिसले, तर संगणक चार्जिंगला लावून, झोपू न देता, एक रात्र तसाच चालू ठेवावा. सकाळी फरक दिसतो.

चार-पाच दिवसांनीही हीच स्थिती राहिली, तर मात्र कारण दुसरीकडे शोधावे लागेल. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम (चालू कामापुरती तात्पुरती स्मृती) पुरते असे अधिकृत निकष सांगतात, पण ते पुरणे म्हणजे संगणक कसाबसा सुरू होणे. ब्राउझरच्या दहा खिडक्या उघड्या ठेवणाऱ्याने ८ जीबी हीच किमान मर्यादा मानावी. त्याहूनही मोठा फरक पडतो तो डिस्क बदलल्याने. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवलेला सात-आठ वर्षांचा संगणक पाहून तो आपलाच आहे यावर मालकांचा विश्वास बसत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्याकडे कोणती डिस्क आहे, तेही टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' या पानावर लिहिलेले असते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या सहा वर्षांतील माझी सर्व टिपणे मी डेस्कटॉपवर ठेवली होती. अपग्रेडनंतर काही दिवस ती दिसत होती. नंतर काही फायलींवर ढगाचे चित्र आले आणि इंटरनेट नसताना त्या उघडेनात. काही तर दिसतच नाहीत. माझे काम पुसले गेले का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून काम पुसले गेलेले नाही, त्याचा पत्ता बदलला आहे. अपग्रेडनंतर पहिल्यांदा संगणक सुरू होताना 'आपल्या फोल्डरांचा बॅकअप घ्यायचा का' अशा अर्थाचा एक पडदा येतो. त्यावरचे ठळक बटण आपण सगळेच न वाचता दाबतो, आणि तेथून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्याच्या, ताब्यात जातात. परिणामी संगणकात डेस्कटॉप नावाचे दोन फोल्डर राहू शकतात. सी ड्राइव्हवरील 'यूजर्स'मध्ये आपल्या नावाचा फोल्डर उघडावा. त्यात एक डेस्कटॉप दिसेल, आणि तेथेच असलेल्या 'वनड्राइव्ह' फोल्डरात दुसरा. न दिसणाऱ्या फायली या दोहोंपैकी एका जागी सापडण्याची शक्यता मोठी आहे.

ढगाचे चित्र म्हणजे फाइल सध्या केवळ इंटरनेटवरील साठ्यात आहे. हिरवी खूण म्हणजे ती संगणकातही उतरलेली आहे. महत्त्वाच्या फोल्डरावर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' हा पर्याय निवडला, की इंटरनेट नसतानाही फायली उघडतील. वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबीच असते, त्यामुळे फोटो पुष्कळ असतील तर ती लवकरच भरते आणि पुढच्या फायली वर चढत नाहीत. ही व्यवस्था नको असेल, तर आधी सर्व फायली एखाद्या बाह्य डिस्कवर कॉपी कराव्यात, त्या उघडून पाहाव्यात, आणि मगच वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप बंद करावा. 'इथे दोनदा दिसते आहे, म्हणून एक पुसते' असे मात्र करू नका. वनड्राइव्हच्या फोल्डरातून पुसलेली फाइल इंटरनेटवरील साठ्यातूनही जाते. ती तेथील कचराकुंडीत काही काळ राहते, एवढाच काय तो दिलासा.

प्रश्न : राइट क्लिक केल्यावर माझे नेहमीचे निम्मे पर्याय गायब झाले आहेत, आणि स्टार्टचे बटण मधोमध येऊन बसले आहे. पूर्ववत करता येईल का?

उत्तर : बटण डावीकडे नेता येते. टास्कबारच्या (पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या) रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज' उघडावे आणि तेथील 'बिहेव्हिअर्स'मध्ये 'अलाइनमेंट' डावीकडे करावे. राइट क्लिकचे उरलेले पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे आहेत. शिफ्टची कळ दाबून धरून राइट क्लिक केले, तर जुनी यादी थेट उघडते. कापणे, चिकटवणे, पुसणे हे पर्याय यादीतून निघून वर चित्रांच्या रांगेत गेले, हा बदल मलाही आवडलेला नाही.

प्रश्न : प्रिंटर छपाई करतो, पण त्याच यंत्रातील स्कॅनर संगणकाला दिसत नाही. यंत्र नऊ वर्षे जुने आहे. ते टाकून द्यावे का?

उत्तर : मुळीच नाही. अपग्रेडच्या वेळी जुना ड्रायव्हर जुळला नाही, तर विंडोज सर्वसाधारण ड्रायव्हर लावून मोकळे होते. त्याला छापता येते, पण त्या विशिष्ट यंत्राच्या इतर अंगांची त्याला माहिती नसते. प्रिंटर सेटिंग्जमधून तो काढून टाकावा, यूएसबीची तार सोडवावी, उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचे संपूर्ण सॉफ्टवेअर उतरवून बसवावे आणि त्याने सांगितल्यावरच तार पुन्हा जोडावी. विंडोज ११ साठी स्वतंत्र ड्रायव्हर दिलेला नसेल, तर विंडोज १० चा ६४ बिटचा ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतो. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नसल्यामुळे केवळ ३२ बिटचा ड्रायव्हर असलेल्या यंत्रांचा मार्ग मात्र येथे संपतो.

प्रश्न : मी अपग्रेड न करता डिस्क कोरी करून नवी प्रणाली बसवली. फायली परत आणल्या, पण २००३ च्या सुमारास टंकलेले माझे मराठी लेख उघडले तर पानभर रोमन अक्षरे, मध्येच कंस आणि टक्क्यांची चिन्हे दिसतात. अलीकडचे लेख व्यवस्थित आहेत, मात्र त्यांतही अक्षरांचे वळण बदलले असून पाने कमी-जास्त झाली आहेत.

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. जुने लेख युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेले असावेत. त्या पद्धतीत फायलीत मराठी मजकूर साठवलेलाच नसतो. साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि फाँट त्या प्रत्येकाच्या जागी देवनागरीचा एखादा तुकडा, कुठे काना, कुठे अर्धा 'क', काढून दाखवतो. डिस्क कोरी करताना तो फाँट गेला, म्हणून मुखवट्यामागचा खरा मजकूर आता उघडा पडला. तोच फाँट पुन्हा बसवला, की लेख पूर्ववत दिसतील. फाँटचे नाव शोधण्यासाठी फाइल उघडून बिघडलेल्या शब्दावर कर्सर ठेवावा; वरच्या फाँटच्या चौकटीत मूळ नाव बहुधा तसेच लिहिलेले असते. जुनी डिस्क किंवा तिची प्रत हाताशी असेल, तर 'विंडोज' फोल्डरातील 'फाँट्स'मध्ये ती फाइल मिळेल.

फाँट सापडला, तरी येथे थांबू नये. हे लेख कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणावेत, कारण युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो फाँट बदलला तरी बदलत नाही. रूपांतर डोळे झाकून मान्य करू नये. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्या'सारखी जोडाक्षरे येथे कन्व्हर्टर हमखास अडखळतात, म्हणून एक लेख ओळीओळीने ताडून पाहावा, कोणत्या चुका पुन्हा पुन्हा होतात ते टिपावे, आणि मग त्या सर्व फायलींत शोधून दुरुस्त कराव्यात.

अलीकडच्या लेखांचे वळण बदलण्याचे कारण साधे आहे. पूर्वी विंडोजसोबत आपोआप येणारा मंगल हा फाँट विंडोज १० पासून ऐच्छिक संचात गेला आणि त्याची जागा निर्मला यूआयने घेतली. दोन्हींतील अक्षरांची रुंदी वेगळी असल्यामुळे ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि पाने बदलतात. सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' जोडावा. मंगलसोबत कोकिला, अपराजिता आणि उत्साह हेही परत येतील.

प्रश्न : संगणक सुरू करताच निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मी कधीही असा पासवर्ड ठेवलेला नाही.

उत्तर : आपण ठेवला नसला, तरी संगणकाने ठेवला आहे. अनेक नव्या संगणकांत ऑनलाइन खात्याने प्रवेश केला, की डिस्कवरील मजकूर आपोआप कूटबद्ध होतो आणि त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये राहते. बायोसचे (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अद्यतन झाले किंवा त्यातील एखादी सेटिंग बदलली, की कुणीतरी छेडछाड केली असावी, असे समजून ती चिप किल्ली देण्याचे नाकारते. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की पाहावी. सहा अंकांचे आठ गट असतात. एकाहून अधिक किल्ल्या दिसल्या, तर निळ्या पडद्यावरील 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरे जुळवून योग्य ती निवडावी. संगणक प्रथम दुसऱ्या कुणी सुरू करून दिला असेल, तर किल्ली त्या व्यक्तीच्या खात्यात असेल; पाच मिनिटांच्या मदतीपोटी झालेला हा घोळ मी एकाहून अधिक पत्रांत वाचला आहे. किल्ली कुठेच नसेल, तर मजकूर परत मिळत नाही आणि मिळवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ज्यांचा संगणक आज सुरळीत चालू आहे, त्यांनी ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

प्रश्न : माझा संगणक उत्तम चालतो, तरी तो विंडोज ११ साठी अपात्र असल्याचा संदेश येतो.

उत्तर : 'पीसी हेल्थ चेक' हे छोटे सॉफ्टवेअर चालवून अपात्रतेचे कारण आधी वाचावे. टीपीएम २.० नसल्याचे लिहिले असेल, तर ती चिप पुष्कळदा असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या संगणकांत 'पीटीटी' आणि एएमडीच्या संगणकांत 'एफटीपीएम' या नावाची सेटिंग पाहावी. प्रोसेसरच जुना असेल, म्हणजे इंटेल कोअरच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर सरळ मार्ग नाही. आडवाटेने बसवता येते, परंतु पुढील अद्यतने मिळतीलच याची हमी नसते, म्हणून मी तसा सल्ला देत नाही. विंडोज १० वरच राहायचे असेल, तर वैयक्तिक वापरासाठी जाहीर झालेल्या वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी करावी. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहेत. आपले काम ब्राउझर आणि लेखनापुरते असेल, तर लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हातही न लावता, चालवून पाहता येते.

प्रश्न : अपग्रेड करून आठ दिवस झाले आणि मला जुनीच प्रणाली बरी वाटते. परत जाता येईल का?

उत्तर : आपले पत्र आठव्या दिवशी लिहिलेले आहे आणि हा अंक छापून होईपर्यंत मुदत टळून गेली असती, म्हणून आपल्याला उत्तर आधीच कळवले, येथे ते इतरांसाठी देत आहोत. अपग्रेडनंतर जुनी प्रणाली सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात १० दिवस राहते आणि नंतर आपोआप पुसली जाते. तोपर्यंत सेटिंग्जमधील 'सिस्टम', 'रिकव्हरी', 'गो बॅक' या मार्गाने परत जाता येते. स्वतःच्या फायली राहतात, पण अपग्रेडनंतर बसवलेली सॉफ्टवेअर आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. जागा मोकळी करण्याच्या भरात डिस्क क्लीनअपमधील 'मागील विंडोज' या नोंदीवर खूण केली, तर हा दरवाजा त्याच क्षणी बंद होतो. जाणकाराच्या मदतीने आणि मुदत संपण्याआधी एक आज्ञा देऊन ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. मॅक वापरणाऱ्यांना असे बटणच नसते. त्यांनी अपग्रेडच्या आधी टाइम मशीन या मॅकमधील बॅकअपच्या सोयीने पूर्ण बॅकअप घेतलेला असावा लागतो.

परत जावे का, याबद्दल माझे मत असे की, पहिल्या तीन दिवसांत हा निर्णय घेऊ नये, कारण तेव्हा संगणक अजून आपली मांडामांड करत असतो. मात्र सातव्या दिवसाच्या आत प्रिंटर, स्कॅनर, बँकेची किंवा हिशेबाची सॉफ्टवेअर, जुन्या फायली, सगळे एकदा मुद्दाम वापरून पाहावे. वर्षातून एकदाच लागणारे एखादे सॉफ्टवेअर चालत नाही हे अकराव्या दिवशी कळले, तर परतीचा मार्ग डिस्क कोरी करण्यावरून जातो.