नव्वदीपुढच्या पेशंटची सेवा करताना नर्सला सगळ्यात अवघड काय जातं? आजोबांसाठी घरी नर्स ठेवताना काय बघावं?

शी-मुताचं आम्हाला काही वाटत नाही. हे आधी सांगते, कारण विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक तेच असतं. अवघड जातं ते "वय झालंय, चालायचंच" हे ऐकून घेणं.

2022 च्या पावसाळ्यात लातूरला आमच्या वॉर्डात औसा तालुक्यातली एक आजी होती. खुबा मोडलेला, ऑपरेशनचा तिसरा दिवस. केसपेपरवर वय 82 टाकलेलं, पण रझाकाराच्या वक्ताला, 1948 च्या सुमाराला, तिच्या कडेवर लेकरू होतं, म्हणजे नव्वदी कधीच ओलांडलेली. मला "माय" म्हणायची, जेवलीस का विचारायची. त्या दिवशी मात्र दुपारभर झोपून राहिली आणि रात्री अकराला चादर चिमटायला लागली. मग ओरडणं सुरू झालं, "उठा रे, भिताडं पडायलीत! लेकरं आत हायती!" मोडक्या पायानं कॉटवरून उतरायला बघायची. सलाईन दोनदा उपसलं.

मुलगा म्हणाला, मायला वात झालाय. मग खाली मान घालून सांगितलं, 93 च्या भूकंपात तिची दोन नातवंडं माळवदाखाली गेली. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळं गाव दमून झोपलेलं, पहाटे 3:56 ला ते झालं. आजी वॉर्डाच्या छताकडं बघून ओरडत होती.

नातेवाईक रात्री आत नकोत म्हणून सीनियर सिस्टरनी त्याला बाहेर काढलं आणि मला म्हणाल्या, हात बांध. आम्ही दोघी आणि तीस पेशंट. मी बांधले. गॉजनं, सैल बांधले असं मला वाटलं. सकाळी बघितलं तर मनगटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघालेली.

राउंडला मी डॉक्टरांना म्हटलं, ही बाई परवापर्यंत चांगली बोलत होती, लघवी आणि सोडियम तपासा. सीनियर सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नव्वदीत डोकं फिरतंच. तू पेशंटचे फार लाड करतेस." तपासणी झाली. लघवीत जंतुसंसर्ग, सोडियम 119, म्हणजे फारच कमी. ऑपरेशनपासून लघवीची नळी तशीच ठेवलेली होती. ताप नव्हता, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण एवढ्या वयात संसर्ग असून ताप न येणं नेहमीचं आहे. नळी काढली, अँटिबायोटिक दिलं, सोडियम हळूहळू वर आणलं. चार रात्री गेल्या. पाचव्या सकाळी आजीनं चहा मागितला, मनगटाकडं बघितलं आणि विचारलं, "हे काय झालं गं माय?"

मी म्हटलं, सलाईनची पट्टी काढताना निघालं.

सीनियर सिस्टर गेल्या वर्षी रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशीही त्या "लाड" हाच शब्द बोलल्या. म्हणून इथं स्पष्ट लिहिते: म्हातारपणानं माणूस एका दिवसात बदलत नाही. विसरणं महिन्या-वर्षांनी वाढत जातं. काल धड बोलणारा माणूस आज बरळायला लागला तर ते दुखणं आहे. लघवी तुंबलेली असेल, संसर्ग असेल, न्यूमोनिया, कमी झालेलं सोडियम, चार दिवस न झालेली संडास किंवा नवी सुरू केलेली गोळी. झोपेचं औषध मनानं देऊ नका, बरळणं त्यानं वाढू शकतं. चष्मा आणि कानाचं मशीन लावा, दिवा चालू ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता तुमच्या आजोबांसाठी नर्स. ब्युरोवाले जिला सिस्टर म्हणून पाठवतात ती पुष्कळदा मावशी असते, नर्सिंग न शिकलेली. मावशी वाईट नाही, माझ्या बघण्यात नर्सपेक्षा मायेनं करणाऱ्या मावश्या आहेत, पण इंजेक्शन तिच्या हातात देऊ नका. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली असेल तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघायला मागा. घास कसा भरवणार हे विचारा. झोपवून भरवते म्हणाली तर नको. ताठ बसवायचं, जेवण झाल्यावरही अर्धा तास बसवून ठेवायचं. अंथरुणाला खिळलेले असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायची आणि माकडहाड, टाचा रोज बघायच्या. शेवटी विचारा, रात्री आजोबांनी गोंधळ घातला तर काय करशील? बांधेन म्हणाली तर परत पाठवा.

आयसीयूची गोष्ट वेगळी आहे. घशातली श्वासाची नळी पेशंटनं ओढली तर जीव जाऊ शकतो, तिथं डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरनं कधी हात बांधावे लागतात आणि ते सोडून-सोडून बघावेही लागतात. आणि त्या सीनियर सिस्टर वाईट नर्स नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाच्या सुतासारख्या शिरेत सलाईनची बारीक पिवळी सुई कशी घालायची ते मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

पण त्या रात्री आजीच्या मुलाला कॉटशेजारी बसू दिलं असतं तर भागलं असतं. सकाळी ड्युटी संपवून निघाले तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसलेला होता. रात्रभर तिथंच होता.