स्पीडस्टरची प्रतिकृती घेताना

प्रश्न : पोर्शे ३५६ स्पीडस्टर या जुन्या, उघड्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती विकाऊ आहे. फायबरची बॉडी, खाली फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा. अशी गाडी पहिल्यांदाच घेतोय. काय तपासू? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी कागद, रंग नंतर. आरसीत बीटल आणि समोर स्पीडस्टर असेल, तर गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. बयाणा देण्याआधी आरसीची प्रत घेऊन जळगावच्या आरटीओत विचाराच.

बीटलच्या सांगाड्यावर चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर (तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या उंचवट्यावर) कोरलेला असतो. आरसीशी अंकन्‌अंक जुळवा. तिथेच उजवीकडे बॅटरीची जागा. ॲसिडने तिथला पत्रा कुजतो. स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा, पापुद्रे सुटले तर पत्रा बदलावा लागेल. स्पीडस्टर बीटलपेक्षा आखूड, म्हणून सांगाडा आखूड करताना जिथे कापून जोडलाय, ते वेल्डिंग गाडी उचलून खालून बघा.

फायबरमध्ये दाराच्या बिजागरांभोवती चांदणीसारख्या चिरा म्हणजे ताण आलाय. दिवे मिणमिणत असतील तर अर्थिंग बघा. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून दिव्यांना अर्थिंगची स्वतंत्र वायर लागते.

आपल्याकडचा उन्हाळा हीच इंजिनाची खरी परीक्षा, कारण ते हवेवर थंड होतं. चाचणी भर दुपारी, निदान अर्धा तास घ्या. इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर. तापल्यावर आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ऑइलचा दिवा लुकलुकला, तर बेअरिंग झिजल्याची शंका घ्या. इंजिनाभोवतीची रबरी पट्टी आणि पत्रे जागेवर हवेत. नाहीतर पंखा खालची गरम हवाच पुन्हा ओढतो.